मिठाची वखार

तार वाचून झाल्यावर गुरुदासने ती घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि थोरल्या भावाला म्हणाला, "भाई, माका वखार व्हयी."

हरिश्चंद्राने ताकाची वाटी पाटाशेजारी ठेवली. "खंयची वखार?"

"आपली. मिठाची."

पंगतीत कोणी हसलं नाही, कारण गुरुदास थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हता. तार रत्नागिरीहून आली होती. मुंबईत तापाची साथ पसरते आहे, आगबोटीने येणाऱ्या उतारूंवर नजर ठेवावी, इस्पितळात तयारी ठेवावी, एवढाच मजकूर. तयारी कशाने करायची ते जिल्ह्याच्या साहेबाने लिहिलं नव्हतं. वर्तमानपत्रं आठवडाभर तेच सांगत होती. मद्रासच्या बंदरात बोटीवरून उतरलेला ताप रेल्वेने मुंबईला पोचला, गिरण्यांत निम्मे साचे बंद पडले, ट्रामना कंडक्टर मिळेनात. आणि पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायच्या आधीची आगबोटीची शेवटची फेरी परवा यायची होती. त्या फेरीला मुंबईतलं अर्धं मालवण घरी येतं, हे कोणी सांगायला नको होतं.

"सहा खाटी आसत माझ्याकडे," गुरुदास म्हणाला. "दोनांवर बाळंतिणी, एकीवर पाय मोडलेलो तांडेल. ताप इलो तर घरंच्या घरं एकदम आडवी होतली. तेंका मी खंय निजवू?"

"आणि मी मीठ खंय निजवू?" हरिश्चंद्र म्हणाला.

कोळंबकरांची वखार बंदराच्या रस्त्याला, इस्पितळाच्या कुंपणाला लागून होती. इस्पितळ त्यांच्या वडिलांच्या नावाचं. गाव त्याला आबांचा दवाखाना म्हणे. बांधलं हरिश्चंद्राने, डॉक्टर झाला गुरुदास, त्यामुळे ती इमारत दोघांनाही आपली वाटे. वखारीचं तसं नव्हतं. वखार हरिश्चंद्राची होती. आत शिगोशीग मीठ, काथ्या, मंगळुरी कौलं. पावसाचे चार महिने मालवाहू पडाव किनाऱ्यावर शाकारून ठेवले की आतल्या गावांना मीठ पुरवायचं ते तिथूनच.

"एक पाऊस लागलो तर मिठाचा पाणी होतला, गुरू. मगे वालावलपासून बांद्यापर्यंत लोकांनी अळणी खावचा? आणि एकदा तापाची माणसां थंय मेली, की फुडच्या वर्षी त्या वखारीतला मीठ कोण तोंडात घालतला?"

स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसलेल्या त्यांच्या आईने, काशीबाईंनी, इतका वेळ जपमाळ थांबवली नव्हती. आता थांबवली. "मानमोडी काय रे ती?"

तो शब्द त्या घरात कोणी काढत नसे. हरिश्चंद्र आणि त्याची बहीण सत्यवती यांच्यामध्ये काशीबाईंना झालेली दोन मुलं त्या जुन्या साथीत एकाच आठवड्यात गेली होती. आबा तेव्हा पडाव घेऊन कोचीनला होते. परत आले तेव्हा काशीबाई बोलेनाशा झाल्या होत्या. हरिश्चंद्र पाच वर्षांचा होता, त्याला तेवढं आठवत होतं.

"नाय गो आये," गुरुदास घाईने म्हणाला. "तितकी वायट नाय. बहुतेक माणसां बरी होतत." मग त्याने ज्यासाठी आतापर्यंत धीर गोळा केला होता ते बोलून टाकलं. "पण गणपताक तार करूया. येव नको म्हणान."

वाढता वाढता नर्मदेचा हात थांबला. गणपत तिचा आणि हरिश्चंद्राचा एकुलता मुलगा, लालबागला गिरणीच्या ऑफिसात. त्याची बायको मथुरा आठव्या महिन्यात होती. तिचं माहेर बांद्याचं, पण तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी करायचं ठरलं होतं. गणपत तिला घेऊन त्याच बोटीने निघणार होता.

"भावजी, साथ थंयच आसा मां?" नर्मदा म्हणाली. "चाळीत एका खोलयेत सात माणसां. थंय तिचां कोण करतला? आग लागलेल्या घरात ऱ्हव म्हणान सांगूचा?"

"वैनी बरोबर सांगता," सत्यवती म्हणाली.

"माझो नातू चाळीत जन्माक येवचो नाय," हरिश्चंद्र म्हणाला.

काशीबाईंनी माळ पुन्हा हातात घेतली. "आपल्या माणसाक येव नको म्हणूचा नाय. येवंदे."

गुरुदासने चौघांकडे पाहिलं. या घरात तो डॉक्टर असला तरी शेंडेफळ होता. एका बैठकीत दोन भांडणं जिंकता येणार नाहीत, हे त्याला दिसत होतं, आणि वखार त्याला जास्त महत्त्वाची वाटली. "बरा," तो म्हणाला. "तारेचा ऱ्हवंदे. पण वखार?"

"वखार नाय," हरिश्चंद्र म्हणाला आणि हात धुवायला उठला. नर्मदेने सवयीने तांब्या उचलून त्याच्या हातावर पाणी घातलं.

त्याची पाठ फिरल्यावर सत्यवती म्हणाली, "गुरू, तुझी नर्स रजेर गेली मां? मी येतंय दवाखान्यात."

ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा पडावाबरोबर बुडाल्यापासून ती या घरात होती, आणि इतक्या वर्षांत बाजार, देऊळ आणि विहीर यांच्यापलीकडे कुठे गेली नव्हती. हरिश्चंद्र ओल्या हातांनी परत फिरला. "कोळंबकरांची चेडवां आता गावाची पिकदाणी उचलतली?"

"घरात तरी काय उचलतंय मी, भाई?"

याला उत्तर देण्यासाठी त्याने तोंड उघडलं, पण काशीबाई मध्येच म्हणाल्या, "जावंदे तिका." आणि इतक्या ठामपणे म्हणाल्या, की तो मुकाट्याने ओसरीवर गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीने पदर खोचून इस्पितळाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिला वाटलं होतं, गुरुदास आपल्याला औषधांची नावं शिकवील. त्याने तिला चुन्याची बादली दिली.

दुपारपर्यंत तेच चाललं होतं. आया शेवंती आणि ती, दोघींनी भिंती पांढऱ्या केल्या. चादरी मोठ्या हंड्यात सोडा घालून उकळल्या. मागच्या पडवीला झावळांचे कूड बांधून घेतले, म्हणजे तापाची माणसं आणि बाळंतिणी यांची दारं वेगळी होतील. कंपाउंडर दाजी सकाळपासून तापाच्या पुड्या बांधत बसला होता. मांजरपाटाचं ठाण फाडून शेवंतीने तोंडाला बांधायची फडकी केली, त्यांना नाड्या लावल्या. पेजेसाठी बाहेर तीन चुली मांडल्या. गुरुदास मध्येच येऊन बघून जाई आणि दर वेळी काहीतरी मोडून पुन्हा करायला लावी.

"खाटींमधी अंतर ठेव, बाय. एक हात नको, दोन हात."

"मगे सहा खाटींच्या जागी चारच मावतत."

"माका दिसता तां," तो चिडून म्हणाला, आणि मग पडवीच्या कठड्यावर बसला. "म्हणान तर वखार मागतंय."

सत्यवती त्याच्या शेजारी बसली. चुन्याने तिची बोटं चरचरत होती. "खरां सांग. मरतत?"

"बहुतेक नाय. तीन दिवस ताप, अंगदुखी, मगे आठवडाभर अशक्तपणा. छातीत उतरलो तर मात्र कठीण. पेनिसिलीन आसा माझ्याकडे, पण थोडा. आणि ऑक्सिजन कोल्हापुराक."

"कोणाच्या छातीत उतरता?"

"म्हातारी माणसां. ल्हान पोरां. आणि..." तो थांबला. कुंपणापलीकडे वखारीच्या दारात हमाल पोती लावत होते, तिकडे बघत राहिला.

"आणि कोण, गुरू?"

"पोटुशी बायलमाणसां."

सत्यवती उठून उभी राहिली. काल पंगतीत तो 'बरा' म्हणाला होता, आणि त्याच्या आधी ती स्वतः म्हणाली होती, वैनी बरोबर सांगता. "तां काल कित्याक नाय बोललंस?"

"आयेसमोर? वैनीसमोर? काय बोलू?" तो म्हणाला. "आणि माका वाटला, कदाचित तसा होवचा नाय. माका अजून वाटता."

तिने फडक्याला हात पुसले आणि घराकडे निघाली.

*

नर्मदा माजघरात मथुरेसाठी खाट घालत होती. सत्यवतीने दाराशीच उभं राहून, एक शब्द कमी न करता, सगळं सांगितलं.

नर्मदेने आधी गादीची सुरकुती साफ केली. मग विचारलं, "तार आता गेली तर?"

"बोट सकाळीच सुटली, वैनी."

नर्मदा बसली. तिला रडू आलं नाही. तिचं डोकं चालू लागलं. संसारात तिने नवऱ्याकडून जे जे मिळवलं होतं ते रडून मिळवलं नव्हतं. हरिश्चंद्र दुपारी चहाला आला तेव्हा तिने कप हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"वखार रिकामी करा."

"गुरून तुका शिकवला काय?"

"माका कोण शिकवता? उद्या बोट येतली. दवाखान्यात सहा खाटी. तापाची माणसां थंय कोंबली, की मथुराचा बाळंतपण खंय करतलात? त्याच खोलयेत? नायतर ती माणसां आपापल्या घराक जातली. शेजारी तापता, पलीकडे तापता, विहीर एक, वाट एक. मगे आपल्या घराक काय तटबंदी आसा?" ती थोडी थांबली. "भावजींक गाव दिसता. माका नाय दिसणा. माका माझी सून दिसता. तिच्यापासून ती माणसां लांब व्हयी, म्हणान वखार व्हयी."

हरिश्चंद्राने चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. गुरुदास गावाच्या भल्याचं बोलला की त्याला नेहमी राग येई, कारण त्यात तो स्वतः लहान ठरे. नर्मदेचं बोलणं त्याच्या व्यवहाराच्या भाषेतलं होतं. ते त्याला टाळता येईना.

"मीठ जातला," तो म्हणाला.

"जावंदे."

तो उठला. आणि एकदा उठल्यावर हरिश्चंद्र कोळंबकर अर्धवट काही करत नसे. संध्याकाळपर्यंत बंदरावरचे सगळे हमाल वखारीत होते. काथ्या शेजारच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला, कौलं उघड्यावर रचली, मिठाची जितकी पोती पडव्यांत, गोठ्यात, देवळाच्या धर्मशाळेत मावली तितकी तिथे गेली; उरलेली वाळूवर फळ्या टाकून झावळांखाली ठेवली. ती गेल्यातच जमा होती, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने गावात फिरून चटया मागितल्या, घागरी मागितल्या, देवळाची जेवणावळीची भांडी मागितली, आणि जिथे मागून मिळेना तिथे दरडावून आणली. दिवेलागणीला गुरुदास वखारीच्या दारात आला. झाडून, चुना मारून, फिनेल टाकून मोकळी झालेली ती लांबलचक जागा त्याने पावलांनी मोजली.

"भाई..."

"काय बोलू नको," हरिश्चंद्र म्हणाला. "जमीन खारट आसा. मुंगी येवची नाय, इतका बरा." आणि किल्ली त्याच्या हातात टाकून निघून गेला.

*

आगबोट किल्ल्याच्या पलीकडे नांगर टाकी आणि उतारू होड्यांतून किनाऱ्यावर येत. एरवी या दिवशी बंदरावर जत्रेसारखी गर्दी लोटे. आज गुरुदासने फौजदाराला सांगून दोर बांधला होता आणि दोराच्या आत तो, दाजी आणि थर्मामीटर.

पहिल्या होडीतच काय ते कळलं. माणसं हसत उतरत नव्हती. एकजण होडीच्या कडेला डोकं टेकून बसला होता तो उतरलाच नाही, त्याला दोघांनी उचलून आणलं. एका बाईने पोराला गुरुदाससमोर आणलं, तेही तापलेलं कपाळ थंड लागावं म्हणून ओल्या पदराने पुसत पुसत. "ताप नाय हां डॉक्टरांनू, उन्हान तापला." त्याने वखारीकडे बोट दाखवलं. तिने शिव्या दिल्या, पण गेली. तिच्यामागून बाकीचे गेले.

गणपत चौथ्या होडीतून आला. वडिलांना दोराबाहेर बघून त्याने हात हलवला आणि गुडघाभर पाण्यात टुणकन उडी मारली. चार पावलं वाळूत चालला आणि खाली बसला. मथुरा एका खलाशाचा हात धरून मागून आली. एका हातात ट्रंक, पोट सावरत. ती ठीक होती. गणपतला एकशे तीन ताप होता.

हरिश्चंद्राने बैलगाडीत गादी घालून आणली होती. तो दोर ओलांडून आत आला आणि मुलाच्या काखेत हात घातला.

"भाई, गणपत वखारीत जातलो," गुरुदास म्हणाला.

"गावाक वखार दिली मी. झील दिलो नाय."

"आतापर्यंत मी ज्येंका धाडलंय ते सगळे हंय बघतत."

ते खरंच बघत होते. वखारीच्या दारात फडकी बांधलेली शेवंती, तिच्या मागे ती शिव्या देणारी बाई, पोर कडेवर. हरिश्चंद्राचा चेहरा लाल झाला. धाकट्या भावाने भर बंदरात आपल्याला अडवावं, हे त्याला सहन होणारं नव्हतं, आणि तो काय करील ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गणपतच वडिलांचा हात सोडवून उभा राहिला.

"बाबा, मी जातंय. चलाक येता माका." मग गुरुदासकडे वळून तो हळूच म्हणाला, "काका, तिका मात्र थंय नको."

मथुरा वाळूत उभी होती. एक दिवस आणि एक रात्र ती त्याच्या शेजारी, डेकवरच्या त्या दाटीत बसून आली होती. आज ना उद्या तिला ताप येणार, हे गुरुदासला दिसत होतं. घरी न्यावं तर काशीबाई, इस्पितळात न्यावं तर बाळंतिणी. तो विचार करत होता तोवर नर्मदा पुढे झाली. तिने सुनेच्या हातातली ट्रंक घेतली.

"माडांच्या बागेतलो मांगर मी झाडून ठेवलंय," ती म्हणाली. मांगर म्हणजे बागेची अवजारं ठेवायची मातीची खोली, घरापासून हाकेच्या अंतरावर. "ती आणि मी थंय ऱ्हवतव. जेवण कोणीतरी बांधार ठेवा. आमच्याजवळ कोणी येव नको."

*

तिसऱ्या दिवशी मथुरेला ताप आला.

त्या आठवड्यात वखार भरली. बोटीने आलेले आठवड्याच्या आत उठूनही बसू लागले होते, पण आता त्यांच्या घरचे येत होते, शेजारचे येत होते, दांडीवरून, धुरीवाड्यातून, डोलीत, पाठुंगळीला. पाऊस लागला होता. वाळूवरचं मीठ झावळांखालून ओघळून रस्त्याकडेच्या गटारात जात होतं. शेवंती स्वतः चार दिवस पडून पुन्हा कामाला लागली. तीन माणसं मेली. त्यांतला एक हरिश्चंद्राचाच जुना हमाल. सत्यवतीला आता श्वासाच्या आवाजावरून कळे, कोणाला उठवून बसवायचं आणि कोणाला झोपू द्यायचं. गणपत तिला रोज विचारी, "आत्ये, मथुरा कशी आसा?" आणि ती रोज सांगे, "बरी आसा. वैनी आसा मां तिच्यासोबत."

मांगरात मथुरा विचारी, "तेंचो ताप उतारलो?" आणि नर्मदा सांगे, "उतारलो. आता पेज जेवता." ते निदान खरं होतं.

गुरुदास दिवसातून तीनदा मांगरात येई. त्याने पेनिसिलीन दिलं, उशा लावून तिला बसतं केलं, खिडकीचा कूड काढून वारा मोकळा केला. तापाच्या पाचव्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसू लागले. ती फार बोलत नसे. एकदा नर्मदेचा हात धरून म्हणाली, "आई, पाण्यात बुडल्यासारखा वाटता," आणि मग आपणच तिला समजावल्यासारखी, "पण सारखा नाय हां. मधीमधी."

सहाव्या दिवशी पहाटेपासून कळा सुरू झाल्या. गुरुदासने शेवंतीला बोलावून घेतलं. उजाडल्यावर मुलगी झाली, मुठीएवढी, आणि बराच वेळ रडली नाही. मग मांजराच्या पिल्लासारखी रडली. मथुरेने ते ऐकलं. डोळे उघडून आवाजाच्या दिशेने पाहिलं. दुपारी ती गेली.

बांधावर डबा ठेवायला आलेल्या काशीबाईंनी आतली शांतता ऐकली. कोणी जवळ यायचं नाही, हा नियम त्यांनाही ठाऊक होता. त्यांनी डबा खाली ठेवला, सरळ मांगरात शिरल्या, शेवंतीच्या हातून ते पोर घेतलं, लुगड्याच्या पदरात, कापसात गुंडाळलं आणि निखाऱ्यांची शेगडी मागवली. कोणाकडे बघितलंही नाही. "दूध कापसान घालूचा," एवढंच त्या म्हणाल्या. "थेंब थेंब. मी करतंय."

गुरुदास बाहेर येऊन माडाला टेकून उभा होता. पावसाची भुरभुर होती. नर्मदा त्याच्यामागून आली. तिचे केस सुटले होते, आणि आवाज मात्र अगदी रोजचा होता.

"भावजी, तुमका म्हायत होता."

गुरुदास माडापासून बाजूला झाला.

"सत्यवतीन माका मागसून सांगला. तुमका त्या दिवशी पंगतीतच म्हायत होता."

"होय."

"आमी अडाणी. आमी सांगलव, येवंदे. माझां मन, आयेचां मन, सगळ्यांचां मन. पण तुमी डॉक्टर मां?" तिचा आवाज आता कुठे फुटला. "मगे आमचां कित्याक आयकलात?"

या प्रश्नाला उत्तर होतं. मला वखार हवी होती, आणि दोन गोष्टी एकदम मागायचा धीर नव्हता. ते उत्तर तिला देण्यासारखं नव्हतं. नर्मदेने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती मथुरेला आंघोळ घालायला आत गेली.

*

"गणपताक कोण सांगतला?" गुरुदासने विचारलं. ते तिघं, तो, सत्यवती आणि हरिश्चंद्र, इस्पितळाच्या पडवीत उभे होते.

"मी नाय सांगूचंय," सत्यवती म्हणाली. "रोज मी तेका खोटां सांगलंय. आता माझ्या तोंडातून तो काय ऐकतलो? भाई, तू बापूस. तू सांग."

हरिश्चंद्राने मान डोलावली आणि छत्री न घेताच कुंपण ओलांडून वखारीकडे निघाला.

किल्ली दिल्यापासून त्याने त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी चटया, मध्ये वाट. खोकल्याचे, कण्हण्याचे आवाज. गणपत पलीकडच्या टोकाला, खिडकीखाली. दारातल्या पहिल्याच चटईवर एक म्हातारा हात उचलून म्हणाला, "कोण रे तो? वायच पाणी दी."

आजूबाजूला कोणी नव्हतं. हरिश्चंद्राने माठावरचा तांब्या भरला, वाकून म्हाताऱ्याचं डोकं उचललं आणि पाजलं. शेजारच्याने बघितलं, त्यालाही हवं होतं. त्याला पाजलं. पुढची ती किनाऱ्यावर शिव्या देणारी बाई. पोर बरं होऊन आता ती पडली होती. तिने त्याला ओळखलं आणि उठायला लागली. "भाईनू, तुमी कित्याक..." "निज गो," तो म्हणाला आणि तांब्या तिच्या ओठाला लावला. कोणाचीच घाई नव्हती त्याला. तांब्या संपला की तो माठापर्यंत परत जाई आणि भरून आणी.

गणपतने त्याला टोकावरून पाहिलं. आधी त्याला मौज वाटली. वडिलांनी स्वतःसाठीसुद्धा पाणी ओतून घेतलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं. जेवण झालं की आई हातावर पाणी घाली. शेजारच्याला सांगावं म्हणून तो वळला. वडील एकेक चटई करत पुढे येत होते. रांग संपत आली. आता आपली पाळी, असं त्याला वाटलं, तोच हरिश्चंद्राने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि दुसऱ्या रांगेच्या पार दाराकडच्या टोकाकडे चालू लागला.

गणपतचं हसू गेलं. मग भिंतीचा आधार घेत उठला. रोग्यांना ओलांडत तो मधल्या वाटेने वडिलांपर्यंत गेला आणि त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"बाबा," तो म्हणाला. "पोर तरी आसा?"

हरिश्चंद्राने त्याचा दंड धरला.

"आसा," तो म्हणाला. "चेडू आसा. आजयेकडे आसा."